पडद्यामागील डेटा-प्रतिकृती आणि साठवण प्रणालीवरील भार : एक ऐतिहासिक आढावा (१९८८ ते २०१७)

प्रस्तावना :

संगणकावर साठविलेली माहिती सुरक्षित राहावी म्हणून तिच्या एकाहून अधिक प्रती ठेवणे हा संगणकशास्त्रातील सर्वमान्य संकेत आहे. प्रती तयार करण्याचे काम बहुधा पडद्यामागे चालते व वापरकर्त्याला ते जाणवत नाही. जे जाणवत नाही त्याला मोल पडत नाही, असा समज त्यामुळे सहज रूढ होतो. वस्तुतः वापरकर्त्याचे दैनंदिन काम ज्या डिस्कवर आणि ज्या नेटवर्कमधून चालते, त्याच डिस्कवर आणि त्याच नेटवर्कमधून ही प्रतही तयार होत असते. साठवणीची जागा, डिस्कची वाचन-लेखन क्षमता, नेटवर्कची वहनक्षमता आणि प्रोसेसरचा वेळ या चार साधनांत प्रतिकृतीचा वाटा असतोच. हा वाटा काळानुसार कसा बदलत गेला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रत्येक नव्या पद्धतीने एका साधनावरील भार हलका केला आणि तो दुसऱ्या साधनावर टाकला, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

आरसा-पद्धती आणि रेड :

एका डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर ठेवणे ही सर्वांत सरळ पद्धत. तिला आरसा-पद्धती म्हणतात. तिच्यात जागा दुप्पट लागते. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कच्या समूहाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. 'रेड' हे नाव त्यातूनच रूढ झाले. संपूर्ण प्रतीऐवजी पॅरिटी, म्हणजे अनेक डिस्कवरील मजकुरावरून काढलेली पडताळणीची माहिती, जपून ठेवली तरी एका डिस्कचे नुकसान भरून काढता येते, हे त्यात पद्धतशीरपणे मांडले होते.

जागेची बचत झाली. परंतु तिची किंमत अन्यत्र मोजावी लागली. आरसा-पद्धतीत एका लहान बदलासाठी दोन वेळा लेखन पुरते. पॅरिटी-पद्धतीत जुना मजकूर व जुनी पॅरिटी वाचून नवा मजकूर व नवी पॅरिटी लिहावी लागते; म्हणजे डिस्कची चार कामे होतात. एखादी डिस्क बिघडली की तिचा मजकूर पुन्हा उभा करण्यासाठी समूहातील उरलेल्या सर्व डिस्क वाचाव्या लागतात. या पुनर्बांधणीच्या काळात वापरकर्त्याची कामे मंदावतात आणि त्याच काळात दुसरी डिस्क बिघडली तर डेटा कायमचा जातो. पुनर्बांधणी वेगाने केल्यास वापरकर्ता खोळंबतो, सावकाश केल्यास धोक्याचा काळ लांबतो, असा हा पेच होता. १९९२ मध्ये मार्क हॉलंड आणि गार्थ गिब्सन यांनी पॅरिटी अधिक डिस्कवर पसरवून हा भार वाटून देण्याच्या पद्धतीचा अभ्यास मांडला. तिने पेच सौम्य केला, नाहीसा केला नाही.

अंतराचे मोल :

आग, पूर किंवा भूकंप यांपासून संरक्षण हवे असेल तर प्रत दुसऱ्या गावी असली पाहिजे. ईएमसी या कंपनीने १९९४ मध्ये सिमेट्रिक्स साठवण प्रणालीसाठी दूरस्थ प्रतीची सोय बाजारात आणली. समकालिक पद्धतीत दूरच्या ठिकाणाहून पोच आल्याशिवाय लेखन पूर्ण झाले असे मानत नाहीत. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. १०० किलोमीटर अंतरावर जाऊन परत येण्यासच एक मिलिसेकंद लागतो आणि प्रत्येक लेखनाला तेवढे थांबावे लागते.

असमकालिक पद्धतीत हे थांबणे टळते. ठरावीक अंतराने बदल एकत्र पाठविले जात असल्याने मधल्या वेळेत पुन्हा पुन्हा लिहिल्या गेलेल्या मजकुराचे केवळ अंतिम रूप नेटवर्कमधून जाते. मात्र मूळ ठिकाण मध्येच कोलमडले तर शेवटच्या काही क्षणांचे बदल हरवतात. येथे साधनांची बचत आणि नुकसानीचा धोका यांची उघड अदलाबदल झालेली दिसते.

तीन प्रती आणि गतीचे नियंत्रण :

२००३ मध्ये संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक लुंग यांनी गूगल फाइल सिस्टीमचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वस्त यंत्रे बिघडतच राहणार, हे येथे गृहीतच धरले होते. फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करून प्रत्येकाच्या सामान्यतः तीन प्रती ठेवल्या जात. जागा तिप्पट लागे, पण पुनर्बांधणीचे काम शेकडो यंत्रांत वाटले जाई.

या निबंधातील एक प्रयोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुमारे १५,००० तुकडे आणि ६०० गीगाबाइट डेटा असलेले एक यंत्र मुद्दाम बंद पाडण्यात आले. चालू कामांना झळ लागू नये म्हणून एका वेळी ९१ हून अधिक प्रती काढावयाच्या नाहीत आणि प्रत्येक प्रतीने सेकंदाला ६.२५ मेगाबाइटपेक्षा अधिक वहनक्षमता घ्यावयाची नाही, अशी मर्यादा होती. तरीही सर्व प्रती २३.२ मिनिटांत पूर्ववत झाल्या. दुसऱ्या प्रयोगात दोन यंत्रे बंद केल्यावर २६६ तुकड्यांची एकेकच प्रत उरली; त्यांना अग्रक्रम दिल्याने दोन मिनिटांच्या आत त्यांची दुसरी प्रत तयार झाली. सर्वच प्रती सारख्या घाईच्या नसतात, हे तत्त्व येथे स्पष्ट झाले.

२०११ ची घटना :

नियंत्रण अपुरे पडले तर काय होते, याचा धडा २१ एप्रिल २०११ रोजी मिळाला. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील पूर्व विभागात नेटवर्कचा विस्तार करताना इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर या साठवण सेवेची वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या दुय्यम नेटवर्ककडे वळविली गेली. अनेक यंत्रांचा आपल्या प्रतींशी असलेला संपर्क तुटला. नेटवर्क पूर्ववत होताच त्या सर्वांनी एकाच वेळी नव्या प्रतीसाठी मोकळी जागा शोधण्यास प्रारंभ केला. जागा लवकरच संपली, पण शोध थांबला नाही. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार त्या क्षेत्रातील सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अडकून पडले, तर ०.०७ टक्के व्हॉल्यूम अखेरपर्यंत परत मिळाले नाहीत. संकट वाढविण्यात बचावाच्या यंत्रणेचाच वाटा होता. मोकळ्या जागेचा अधिक राखीव साठा आणि अपयश आल्यास अधिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करणे, हे उपाय कंपनीने त्यानंतर जाहीर केले.

प्रतीऐवजी संकेतन :

तीन प्रतींचा खर्च डेटा वाढला तसा असह्य होत गेला. १९६० मध्ये आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडलेल्या संकेतन पद्धतीकडे त्यामुळे पुन्हा लक्ष गेले. दहा भागांस चार पडताळणीचे भाग जोडले की मूळच्या १.४ पट जागेत काम भागते आणि कोणतेही चार भाग गेले तरी डेटा वाचतो. परंतु एक हरवलेला भाग उभा करण्यास दहा भाग वाचावे लागतात. फेसबुकच्या एका समूहाविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ या दुरुस्तीसाठी नेटवर्कमधून रोज मध्यगा मूल्याने १८० टेराबाइटपेक्षा अधिक डेटा वाहत असल्याचे नोंदविले आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर प्रणालीसाठी २०१२ मध्ये मांडलेल्या स्थानिक संकेतनाने १.३३ पट जागेत हे वाचन बारा भागांवरून सहावर आणले. हडूपमध्ये संकेतनाची सोय २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत अंतर्भूत झाली.

निष्कर्ष :

१) प्रतिकृतीचा एकूण भार कोणत्याही पद्धतीत नाहीसा झालेला नाही, तो जागेकडून डिस्ककडे, डिस्ककडून नेटवर्ककडे सरकत गेला.

२) 'किती प्रती ठेवावयाच्या' या प्रश्नाइतकेच 'त्या कोणत्या गतीने व कोणत्या अग्रक्रमाने तयार करावयाच्या' या प्रश्नाला महत्त्व आहे.

३) साठवण प्रणालीची क्षमता ठरविताना नित्याच्या दिवसाचा हिशेब पुरेसा नाही. अनेक प्रती एकदम हरवण्याच्या दिवसासाठी जागा व वहनक्षमता राखून ठेवावी लागते. नित्याच्या दिवशी अनावश्यक वाटणारा हा राखीव भाग संरक्षणाचाच खर्च आहे. तो वाचविणाऱ्यास त्याची किंमत संकटाच्या वेळी चुकवावी लागते, हे २०११ च्या घटनेने दाखवून दिले आहे.