वेलिंगकर, श्रीकृष्ण

(१८९४ – ३० जून १९१८). पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून फ्रान्सच्या आकाशात लढलेले मुंबईचे वैमानिक. हुद्दा लेफ्टनंट, स्क्वॉड्रन क्रमांक २३. त्या युद्धात आघाडीवर लढाऊ विमान चालवणारे हिंदी तरुण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. हरदित सिंग मलिक, एरल चंदर सेन, इंद्रलाल रॉय आणि श्रीकृष्ण वेलिंगकर ही त्यांतली चार नावे. पहिले दोघे युद्धातून जिवंत परतले. वेलिंगकर आणि रॉय एकमेकांपाठोपाठ एका महिन्याच्या आत गेले.

वेलिंगकर हे आडनाव गोव्याच्या फोंडा तालुक्यातील वेलिंग गावाचे. श्रीकृष्ण यांचा जन्म मात्र मुंबईचा. पुढील शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे आडनाव बहुधा ‘ग’ गाळून लिहिलेले आढळते. एरवी ही बाब किरकोळ ठरली असती. त्यांच्या मृत्यूनंतर जे घडले त्यामुळे ती लक्षात ठेवावी लागते.

उडायला शिकण्याची सोय तेव्हा मुंबईत नव्हती. जुहूचा विमानतळ सुरू झाला १९२८ मध्ये, म्हणजे वेलिंगकर यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो फेब्रुवारी १९२९ मध्ये. वेलिंगकर यांनी विमान चालवण्याचे धडे लंडनजवळच्या हेंडन येथे घेतले. एवढी तयारी करूनही सैन्यात अधिकारी म्हणून शिरणे सोपे नव्हते, कारण ब्रिटिश लष्कराची हवाई शाखा असलेल्या रॉयल फ्लाइंग कोअरमधील अधिकारपद युरोपीय वंशाच्या माणसासाठीच राखलेले होते. वेलिंगकर यांना प्रथम मेकॅनिक म्हणून घेण्याची तयारी दाखवण्यात आली. विमानाला हात लावायचा, पण ते चालवायचे नाही, असा त्याचा अर्थ. मलिक यांचीही अशीच अडवणूक झाली होती. ते फ्रेंचांच्या हवाई दलात जायला निघाले, तेव्हा ऑक्सफर्डमधील त्यांचे शिक्षक फ्रान्सिस अर्कार्ट यांनी फ्लाइंग कोअरचे जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले आणि १९१७ मध्ये दार किलकिले झाले. त्याच वर्षी वेलिंगकर यांनाही अधिकारपद मिळाले. ब्रिटिश साम्राज्यासाठी लाखो हिंदी सैनिक खंदकांत लढत आणि मरत असताना, आकाशात मरण्याची परवानगीसुद्धा या तरुणांना भांडून मिळवावी लागली, ही गोष्ट त्यांच्या शौर्याइतकीच नोंदवण्याजोगी आहे.

२३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे १९१८ च्या वसंतात सॉपविथ डॉल्फिन ही नवी विमाने आली. डॉल्फिन दिसायलाच चमत्कारिक. या दुपंखी विमानाचा वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरकवलेला असे आणि वरच्या पंखाच्या मधोमध मोकळी चौकट ठेवलेली असे. वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून वर निघे. त्यामुळे वरचे सगळे आभाळ त्याला उघडे दिसे आणि उंचावरून झडप घालणारे शत्रूचे विमान वेळेवर नजरेस पडे. बैठकीच्या दोन्ही बाजूंना रेडिएटर असल्याने उंचावरच्या गारठ्यात थोडी ऊबही मिळे. धोका होता तो उतरताना. विमान उलटले तर सर्वांत आधी जमिनीला लागणार ते वैमानिकाचे डोके. समोर दोन व्हिकर्स मशीनगन आणि वरच्या चौकटीवर लुईस मशीनगन बसवता येत. पॅराशूट मात्र नव्हते. निरीक्षणाच्या फुग्यांतील सैनिकांना ते मिळे, ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना ते युद्ध संपेपर्यंत दिले गेले नाही.

रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र करून १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स स्थापन झाले. वेलिंगकर यांची लढाई या नव्या दलाच्या पहिल्या तीन महिन्यांतली. जर्मनांनी २१ मार्चला सुरू केलेली मोठी चढाई आमिएँ शहराच्या तोंडाशी येऊन थबकली होती. जमिनीवर आघाडीची रेषा फारशी हलत नव्हती, पण तिच्यावरच्या आकाशात रोज गस्त आणि रोज चकमक चाले. गस्तीची विमाने बहुतेक वेळा जर्मन हद्दीत शिरत, म्हणून जो पडे तो सहसा शत्रूच्या मुलखात पडे.

२७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिंगकर तळावर परतले नाहीत. बेपत्ता अशी नोंद झाली. प्रत्यक्षात ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले होते आणि तीन दिवसांनी, ३० जूनला, त्यांचा मृत्यू झाला. वयाची पंचविशीही त्यांनी गाठली नव्हती. जर्मनांनी त्यांना रुव्रुआ येथे पुरले. शत्रूच्या अधिकाऱ्याला द्यायचा तो मान त्यांनी दिला, क्रूस उभारला आणि त्यावर हुद्दा घातला, पण नाव लिहिणाऱ्याला ते आडनाव कधी ऐकून माहीत नव्हते. क्रूसावर ‘वुमकर’ असे उतरले. या नावाचा वैमानिक ब्रिटिशांच्या कोणत्याही यादीत असणे शक्य नव्हते. युद्ध संपले, तरी मुंबईत आईला मुलाची कबर कुठे हे कळत नव्हते. १९२१ मध्ये ‘वुमकर’ म्हणजेच वेलिंगकर याचा उलगडा झाला.

त्यानंतर त्यांचे अवशेष सोम प्रांतातील हांगार येथील युद्धस्मशानात हलवण्यात आले. कर्नल बार्टन या त्यांच्या स्नेह्याने आईशी संपर्क साधून कबरीच्या दगडावरचा मजकूर ठरवण्यात पुढाकार घेतला. साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एक, अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्यावर कोरलेली आहे. हांगार आमिएँच्या आग्नेयेला, व्हिलेर-ब्रेतोन्योजवळ आहे. शेतांच्या मधल्या या लहानशा स्मशानात श्रीकृष्ण वेलिंगकर यांचा दगड इतर सैनिकांच्या दगडांच्या रांगेत उभा आहे.