मंडई आणि सुखाचा प्रश्न : जोतीराव फुले व ख्रिस्ती नीतिविचार

पुण्याची मंडई १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने खुली झाली. पुढे तिला ज्यांचे नाव मिळाले त्या जोतीराव फुले यांनीच तिच्यावरील खर्चास विरोध केला होता. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सभासद होते आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लागावा, असे त्यांचे म्हणणे होते. नामकरणातील हा विरोधाभास गमतीचा खरा. परंतु त्या विरोधामागील सुखविषयक कल्पना अधिक विचारार्ह आहे.

१८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिलेला ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभच मनुष्य सुखी कसा होईल या प्रश्नाने होतो. सत्य वर्तनावाचून सुख नाही, हे त्याचे उत्तर होय. सर्वांचा एक निर्मिक व मानवमात्राचे बंधुत्व या कल्पनांवर, स्कॉटिश मिशनच्या शाळेतील संस्कारांची छाया स्पष्ट दिसते.

तथापि साम्य येथेच थांबते. तेराव्या शतकातील टॉमस अक्वायनसच्या मते सद्गुणांनी इहलोकी मिळते ते अपूर्ण सुख. पूर्ण सुख ईश्वरदर्शनात असून श्रद्धा, आशा व प्रीती हे गुणही ईश्वरी कृपेचे दान होत. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांच्याही दृष्टीने सदाचार हे उद्धाराचे फळ होते, मूल्य नव्हे. जोतीरावांच्या ग्रंथात तारणाऱ्याला स्थान नाही. टॉमस पेनच्या वाचनाचा हा परिणाम म्हणता येईल.

सत्य कळूनही ते आचरणात येत नाही, ही संत पौलाला जाणवलेली व्यथा जोतीरावांनी पुरेशी विचारात घेतली नाही. येथे पदमनजींची बाजू बळकट ठरते. उलटपक्षी, ज्याला अक्षरओळखच नाकारली गेली त्याच्याकडून कोणत्या सद्गुणाची अपेक्षा करावी, हा जोतीरावांचा प्रश्न कृपेच्या सिद्धान्ताने सुटत नाही. मंडईच्या खर्चाचा वाद त्यांच्या लेखी नीतिशास्त्राचाच होता.

त्यांच्या ग्रंथातील आदर्श कुटुंबात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी होऊनही सर्वजण प्रेमाने एकत्र नांदतात. पदमनजींच्या धर्मनिष्ठेत एवढ्या मोकळिकीला जागा नव्हती.