'ओरिजिनल' म्हणजे काय? जुन्या अमेरिकन मोटारीच्या विक्रीमागचा मुंबईचा इतिहास

१/
जुनी, दुरुस्तीला आलेली अमेरिकन मोटार विक्रीस निघाली, की येणारे गिऱ्हाईक बॉनेट उघडून पहिला प्रश्न विचारते : "इंजिन ओरिजिनल आहे का?" अमेरिकेत हा प्रश्न केवळ किमतीचा असतो. मुंबईत मात्र त्याच्या उत्तरात आयात शुल्क, परकीय चलनाची टंचाई, शिवडी व कुर्ला येथील दोन कारखाने आणि अनेक मिस्त्र्यांची कारागिरी दडलेली असते. हा धागा त्या उत्तराविषयी.

२/
प्रथम 'मसल कार' म्हणजे काय ते पाहू. मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त अमेरिकन गाडीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे, हे तिचे साधे सूत्र. १९६४ सालची पाँटियाक जीटीओ ही या वर्गातील पहिली गाडी, असे सामान्यतः मानले जाते. तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे आणि शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग बाजारात आणली. पुढे डॉज चार्जर, शेव्हरोले कॅमारो अशा गाड्या आल्या.

३/
त्याच १९६४ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर नवी गाडी म्हणून काय मिळत होते? कुर्ल्याला तयार होणारी फियाट ११००. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे जीटीओच्या इंजिनाच्या सहाव्या हिश्श्याएवढे. मात्र यावरून अमेरिकन मोटार मुंबईला परकी होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याआधीची जवळजवळ चार दशके या शहराने अमेरिकन मोटारी नुसत्या वापरल्या नव्हत्या, त्यांची जोडणीही केली होती.

४/
१९२६ मध्ये फोर्डची भारतीय कंपनी स्थापन झाली. ती थेट अमेरिकेच्या नव्हे, तर कॅनडातील फोर्डच्या ताब्यात होती. ब्रिटन वगळता साम्राज्यातील बहुतेक बाजारपेठांचे हक्क त्या कॅनडियन कंपनीकडे होते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग लाकडी पेट्यांत भरून बोटीने येत आणि शिवडीत त्यांची शेव्हरोले उभी राही. तयार गाडी बोटीत जेवढी जागा अडवते, तिच्या मानाने पेट्यांना फारच कमी जागा लागते. या व्यापाराचे गणित त्यावर बेतलेले होते.

५/
ब्रिटिश राज्यात अमेरिकन गाडी लोकप्रिय का झाली? उत्तर रस्त्यांत आहे. तळाशी उंच, मजबूत स्प्रिंगांची आणि ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी खडबडीत रस्त्यावर व घाटात टिके. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे ती आकाराच्या मानाने स्वस्तही पडे. इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी व तेथील करपद्धतीसाठी बेतलेल्या लहान इंजिनाच्या गाड्यांचा येथे तसा निभाव लागत नसे.

६/
जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हे ज्यांना खुपत होते त्यांत दोन नावे ठळक आहेत. एक सर मो. विश्वेश्वरय्या. त्यांनी १९३०च्या दशकात भारतीय मोटार कारखान्याची योजना मांडून तिचा सातत्याने पाठपुरावा केला. दुसरे सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद. १९३९ मध्ये वालचंद बोलणी करण्यासाठी अमेरिकेस गेले. पुढे क्रायस्लर कंपनीशी करार झाला.

७/
या प्रवासाला एक अनपेक्षित फळ आले. परतीच्या वाटेवर वालचंद यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. त्यातूनच १९४० च्या डिसेंबरमध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. मोटारीसाठी गेलेल्या माणसाच्या हातून आधी विमानाचा कारखाना झाला. युद्धकाळात सरकारने मोटार कारखान्याला पाठबळ दिले नाही, म्हणून मोटार मागे पडली.

८/
प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही त्यांची नावे. तिन्ही क्रायस्लर घराण्यातील. निर्यातीच्या बाजारांत मूळ प्लिमथच्याच गाडीला समोरची जाळी व नाव बदलून डॉज किंवा डिसोटो म्हणून विकण्याची त्या कंपनीची पद्धत होती. 'ओरिजिनल' या शब्दाची गुंतागुंत अशी कारखान्यातच सुरू होते.

९/
१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने भारतात निर्मिती करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच काम चालू ठेवू द्यावे. नुसत्या जोडणीवर चालणाऱ्यांसाठी दार बंद झाले. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनी आपला येथील कारभार आवरला. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्येच निवर्तले होते. भारतीय निर्मितीचा आग्रह धोरणात उतरलेला पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

१०/
प्रीमियर टिकली, पण तिचा मार्ग बदलला. इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात आली. हीच गाडी पुढे सुधारत 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईची ओळख बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस, ती रस्त्यावरून उतरली.

११/
१९५६-५७ च्या परकीय चलन संकटानंतर मोटारींची आयात जवळजवळ अशक्य झाली. मसल कारचा जन्म १९६४ चा. म्हणजे ती जन्मली तेव्हा मुंबईचे दार बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. तरी काही मोजक्या मोठ्या अमेरिकन गाड्या आल्या. वकिलातींनी आणलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि हौशी धनिक त्या घेत. अशा गाडीची कागदपत्रे म्हणूनच महत्त्वाची. ती देशात कोणत्या वाटेने आली याचा पुरावा त्यांतच असतो.

१२/
खरी कहाणी त्यापुढची. गाड्या राहिल्या, पण कंपन्या गेल्या. शेव्हरोलेचा गिअर तुटला तर तो आणायचा कोठून? मुंबईने तीन उत्तरे शोधली. एक, चोर बाजार व कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार. दोन, लेथवर नवा भाग कातून घेणे. तीन, दुसऱ्या गाडीचा भाग ठाकूनठोकून बसवणे. पत्रा गंजला तर कापून नवा तुकडा जोडायचा, सिलिंडर झिजला तर बोअर करून घ्यायचा, हा मिस्त्रीचा रोजचा धर्म होता.

१३/
१९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या. अमेरिकेत प्रदूषणाचे नियम आणि महागलेला विमा यांनी मसल कारला आधीच घेरले होते, तेलसंकटाने तिचा काळ संपवला. भारतात त्याच संकटाचा परिणाम वेगळा झाला. अवजड अमेरिकन गाड्यांतील पेट्रोल इंजिने निघाली आणि त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसली : कोठे पर्किन्सचे, तर कोठे पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या मॅटॅडोरचे. बाहेरून डौलदार डॉज आणि आतून टेम्पोचा धडधडाट, हे दृश्य त्यातून आले.

१४/
आता विक्रीकडे येऊ. जगभरच्या संग्राहकांत सर्वाधिक मोल 'मॅचिंग नंबर्स' गाडीला असते. म्हणजे कारखान्यातून निघताना जे इंजिन जिच्यात होते, तेच आजही असलेली गाडी. भारतीय कायदाही याच दिशेने गेला. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी, की ती मूळ स्वरूपात जतन केलेली असावी आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

१५/
या नोंदणीत क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, मुदत १० वर्षे. गाडी रोजच्या वापरास चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

१६/
विसंगती येथे दिसते. ज्या फेरफारामुळे ही गाडी भंगारात जाण्यापासून वाचली, त्याच फेरफारामुळे आज तिचे मोल घटते. डिझेल इंजिन बसवले नसते, तर १९७० च्या दशकातच ती कापली गेली असती. मूळ इंजिनासह टिकलेली गाडी बहुधा श्रीमंताच्या गॅरेजमध्ये उभी होती. बदललेले इंजिन घेऊन टिकलेली गाडी कोणाचे तरी पोट भरत रस्त्यावर धावत होती. कायद्याच्या आणि बाजाराच्या लेखी इतिहास पहिलीला आहे. दुसरीला आहे ती केवळ बिघाडांची यादी.

१७/
जागेचाही प्रश्न आहे. मीरा रोडचे नया नगर १९८० च्या आसपास आकार घेऊ लागले, तेव्हा शिवडीतील जोडणी थांबून पाव शतक झाले होते. ही वस्ती वाढली ती फियाट आणि १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० यांच्या काळात. १९६८ ची डॉज चार्जर सव्वापाच मीटरहून लांब, तर पद्मिनी चार मीटरहूनही आखूड. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये अशी गाडी मावत नाही. बाहेर उभी केली, तर खाडीचे आणि मिठागरांचे खारे वारे पत्रा खातात. अनेक मालक गाडी विकतात ते प्रेम आटले म्हणून नव्हे, जागा संपली म्हणून.

१८/
रिस्टोरेशनला मराठीत 'जीर्णोद्धार' म्हणता येईल, आणि तो शब्द आपल्याला सावध करतो. जुन्या मंदिराला ऑइलपेंट फासला वा बुरुजाला सिमेंटचा गिलावा केला, तर इतिहासप्रेमी हळहळतात. कारण नवे दिसण्याच्या हव्यासात मधल्या शतकांच्या खुणा पुसल्या जातात. मोटारीबाबत मात्र मधली पन्नास वर्षे खरवडून काढणे हीच उत्तम जीर्णोद्धाराची व्याख्या झाली आहे.

१९/
मग विकणाऱ्याने काय करावे? कायद्याची बाजू सरळ आहे : मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३०, इंजिन बदललेले असल्यास त्याची आरसी पुस्तकातील नोंद, आणि चासी क्रमांकाची पडताळणी. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे इशारा देणारे उपकरण चालू स्थितीत असणे आवश्यक. दोष लपवू नयेत. कोणता भाग कधी, का आणि कोठला बसवला, हे ठाऊक असेल तेवढे लिहून द्यावे.

२०/
इतिहासाची बाजू त्याहून थोडी मोठी आहे. 'बीएम' अक्षरांचा जुना नोंदणी क्रमांक, पिवळे पडलेले आरसी पुस्तक, लिलावाची पावती, गॅरेजची बिले, काढून ठेवलेले पर्किन्सचे इंजिन : हे सारे गाडीबरोबर नव्या मालकाच्या हाती जावे. नवा मालक मूळ जातीचे इंजिन शोधून बसवील, तो त्याचा हक्क. पण उतरवलेले इंजिन भंगारात घालण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि क्रमांक टिपून ठेवावा.

२१/
शिवडीची जोडणी १९५४ मध्ये थांबली. कुर्ल्याचा कारखानाही बंद झाला, त्याची आठवण तेथील 'प्रीमियर रोड' या नावात राहिली. त्या दोन कारखान्यांपासून ते चोर बाजारातल्या लेथपर्यंतचा अखंड दस्तऐवज शोधायला गेलो, तर तो कोणत्याही एका दफ्तरखान्यात मिळत नाही. तो अशा गाड्यांच्या बॉनेटखाली विखुरलेला आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारले, "इंजिन ओरिजिनल आहे का?", तर उत्तर नुसते 'नाही' असे देऊन थांबू नये. "नाही, आणि ते का बदलावे लागले ते ऐका," एवढे तरी म्हणावे.

धागा समाप्त.