स्वतःला मत नव्हतं, तरी रांगेत उभी राहिलेली मुलं

निवडणूक जवळ आली की शाळेत एक संकल्पपत्र मिळायचं, आठवतंय? ‘आम्ही मतदान करू’ असं त्यावर छापलेलं. आईबाबांची सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जमा करायचं. बाबा टीव्हीवरून नजर न हलवता सही करायचे, विषय संपायचा. आजची गोष्टसुद्धा शाळकरी मुलांनी मोठ्यांना मतदानासाठी तयार करण्याचीच आहे. फक्त तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलं की नोकरी जायची, आणि कधी डोकंही फुटायचं.

गाव सेल्मा. अमेरिकेतलं अलाबामा राज्य, डॅलस काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. तिथे मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय लोक होते सुमारे १५ हजार. १९६१ मध्ये त्यातल्या १५६ जणांची नावं यादीत होती. हो, १५६! नोंदणीचं ऑफिस महिन्यातून फक्त दोन सोमवारी उघडायचं. तिथे लांबलचक फॉर्म, राज्यघटनेवरचे प्रश्न, आणि पास की नापास हे ठरवणार गोरा अधिकारी. मोठी शिकलेली माणसंही नापास व्हायची.

१९६३ च्या सुरुवातीला बर्नार्ड लाफायेट नावाचा २२ वर्षांचा कार्यकर्ता पत्नी कोलियासोबत तिथे आला. ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेनं आधी सेल्माचा नाद सोडून दिला होता. तिथे काही होणं शक्य नाही, असं त्यांचं मत. लाफायेटनं तरी तेच गाव मागून घेतलं.

इथे जरा थांबू, कारण यात आपलं नागपूर आहे! लाफायेट अहिंसक लढ्याचे धडे शिकला ते नॅशव्हिलमध्ये, जेम्स लॉसन यांच्या कार्यशाळांत. आणि हे लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे राहून केला. म्हणजे नागपूर, नॅशव्हिल, सेल्मा असा हा प्रवास.

तर, सेल्मातली मोठी माणसं घाबरलेली होती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. कुणी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायचं, कुणी त्यांच्या शेतात राबायचं. शिक्षकांची नोकरीसुद्धा गोऱ्या शिक्षण मंडळाच्या हातात. मुलांकडे मात्र गमवायला नोकरीच नव्हती. आर. बी. हडसन हायस्कूलची मुलं घरोघरी जाऊ लागली, मोठ्यांना नोंदणीच्या वर्गाला बोलावू लागली. गंमत बघा, तेव्हा तिथे मतदानाचं वय २१ होतं. सोळा वर्षांची पोरगी शेजारच्या काकूंना मताचं महत्त्व सांगतेय, आणि तिला स्वतःला मत मिळायला अजून पाच वर्षं आहेत.

जूनमध्ये लाफायेटला त्याच्या घरासमोर बेदम मारलं. सप्टेंबरमध्ये मुलं दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर जाऊन बसली आणि पुढच्या काही आठवड्यांत शेकडो जणांना अटक झाली. आता पोरंच तुरुंगात गेल्यावर घरच्यांनी काय करायचं? ७ ऑक्टोबरला कोर्टासमोर नोंदणीसाठी साडेतीनशेच्या आसपास माणसं रांगेत उभी राहिली. दिवसभर उन्हात. त्यांना पाणी आणि खाणं द्यायला गेलेल्या दोन कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारलं. आत फार थोड्यांना सोडलं, पण रांग मोडली नाही.

मला स्वतःला यातला सगळ्यात भारी दिवस वाटतो तो २२ जानेवारी १९६५. त्या दिवशी शंभराहून जास्त शिक्षक कोर्टावर चालत गेले. पुढे होते रेव्हरंड एफ. डी. रीस, हडसन हायस्कूलचेच शिक्षक. तुरुंगात जायची तयारी म्हणून काहींनी टूथब्रश सोबत घेतले होते. शेरीफ जिम क्लार्कनं त्यांना पायऱ्यांवरून मागे ढकललं. ते चर्चमध्ये परतले तेव्हा मुलांनी जल्लोष केला. आपले सर, आपल्या मॅडम! वर्गात शिकवणारे आता मुलांच्या मागून आले होते.

क्लार्कनं याचा राग मुलांवरच काढला. १० फेब्रुवारीला दीडशेहून जास्त मुलं कोर्टासमोर शांत उभी होती. गुरं हाकायला वापरतात त्या विजेच्या काठ्या टोचत पोलिसांनी त्यांना गावाबाहेरच्या रस्त्यानं पळवत नेलं. मुलं धापा टाकत होती, काही ओकली. दोन दिवसांनी क्लार्क छातीत दुखू लागल्यानं दवाखान्यात दाखल झाला. मुलं पावसात पुन्हा आली. कशाला? तर तो बरा व्हावा म्हणून प्रार्थना करायला. ती मनापासून होती की टोमणा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. ७ मार्चला पुलावरचा लाठीमार, आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा. सरकारी अधिकारी सेल्मात आले आणि काही महिन्यांत हजारो कृष्णवर्णीयांची नावं यादीत चढली.

मे १९६६ मध्ये शेरीफपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणूक झाली. क्लार्कसमोर होता विल्सन बेकर. मोजणीच्या वेळी कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या सहा पेट्या बाद करण्याचा घाट घातला गेला. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी सांगितलं, पेट्या मोजा. मोजल्या, आणि क्लार्क पडला.