धूर गेला, की हलला? उपनगरांच्या हवेची शंभर वर्षे

१/ मुंबईच्या उपनगरांतील धूर वाहतूक बदलून कमी झाला, असा पहिला मोठा प्रसंग शंभर वर्षांपूर्वीचा आहे. गंमत अशी, की तेव्हा हवा हा मुख्य हेतू नव्हता.

२/ ३ फेब्रुवारी १९२५ : बोरीबंदर ते कुर्ला, देशातील पहिली विजेची गाडी. ५ जानेवारी १९२८ : बीबीसीआय रेल्वेची विजेची सेवा कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत. दशक सरताना जीआयपी रेल्वेची लोकलही घाटकोपर-मुलुंडमार्गे कल्याणपर्यंत विजेवर धावू लागली.

३/ खरे कारण गर्दी. वाफेचे इंजिन शेवटच्या स्थानकात सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. विजेची लोकल दोन्ही टोकांकडून चालवता येई. त्यामुळे तेवढ्याच रुळांवर फेऱ्या वाढल्या. लोकलपुरती धुरातून सुटका, हे त्याचे उपफळ.

४/ पण धूर गेला कुठे? बीबीसीआयने टाटांची वीज घेतली. ती सह्याद्रीतील धरणांच्या पाण्यावर तयार होई. जीआयपीने मात्र ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे कोळशाचे वीजकेंद्र उभारले. म्हणजे बोरिवलीच्या लोकलचा धूर नाहीसा झाला. मुलुंडच्या लोकलचा ठाकुर्लीच्या धुराड्यात गेला.

५/ दुसरी मर्यादा नकाशाची. दोन्ही रेल्वे दक्षिणोत्तर. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, पण अंधेरी आणि घाटकोपर यांना थेट जोडणारा लोहमार्ग नव्हता. एक तर दादरला वळसा घाला, नाहीतर साकीनाक्याच्या रस्त्यावर अडका. पूर्व-पश्चिम प्रवासाचा भार बस, रिक्षा आणि खासगी गाड्यांवर पडला.

६/ १९९९ मध्ये वाहनांच्या धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. पुढे टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळल्या. इंधन बदलले, कोंडी तशीच राहिली.

७/ ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अंतर अवघे ११.४ किलोमीटर. बोरिवलीपर्यंत वीज पोहोचल्यानंतर हा आडवा दुवा जुळायला ८६ वर्षे लागली.

८/ आज गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाखालून बोगदे होत आहेत. पुन्हा पूर्व-पश्चिम दुवा, पण या वेळी मोटारींसाठी. अशा प्रत्येक योजनेला इतिहासाने शिकवलेले दोन प्रश्न विचारावेत : तेवढ्याच जागेतून माणसे किती जाणार? आणि धूर संपणार, की दुसऱ्याच्या दारात जाणार?