क्रमांक आणि नाव

दिल्लीची बस पहाटे सेक्टर ४३च्या स्थानकात थांबली. रिक्षावाल्याला मी फक्त ‘चौतीस’ म्हणाले आणि हिमालय मार्गावरून आम्ही निघालो. चंडीगडमध्ये तेवढं पुरतं.

आदल्या दोन आठवड्यांत मात्र मी विचारल्यावाचून एक वळणही घेतलं नव्हतं. नेपाळच्या खुंबू खोऱ्यात लुक्लापासून एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत आमच्या पुढे एक शेर्पा वाटाड्या होता. आम्ही त्याला ‘दाइ’, म्हणजे दादा म्हणायचो. पैसे घेऊन पाहुण्यांना या डोंगरांत फिरवण्याचा व्यवसाय जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४मध्ये काठमांडूत सुरू केला. वाटांचं ज्ञान मात्र दाइच्या पूर्वजांचं. कालापत्थरवरून शिखर दिसलं तेव्हा मी ‘एव्हरेस्ट’ म्हणाले. दाइ म्हणाला, “चोमोलुंग्मा.”

हे शिखरही आधी नुसता क्रमांक होतं. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कागदांवर ते पंधरावं शिखर. १८५२मध्ये राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून ते सर्वांत उंच असल्याचं दिसलं. १८५६मध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची कळवली आणि आपल्या आधीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं. इथले लोक हे नाव उच्चारू शकणार नाहीत, अशी शंका खुद्द एव्हरेस्ट यांनीच काढली. तरी १८६५मध्ये तेच कायम झालं. ज्यांनी हिशेब केला त्यांचं नाव लागलं नाही आणि पायथ्याशी राहणाऱ्यांचं नाव नकाशाबाहेर राहिलं.

चंडीगडची गोष्ट उलटी. इथे नावं होती, त्यांचे क्रमांक झाले. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती. १९५१मध्ये ल कॉर्बुझिए आले आणि सुमारे ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आखले गेले. पहिल्या टप्प्यात तिसापर्यंतचे, त्यानंतर चौतिसासारखे. या आकड्यांना मी नावं ठेवणार नाही. नाशिकहून इथे आले तेव्हा पंजाबीचा एक शब्द येत नव्हता. आकड्यांनीच मला घर दाखवलं. पण गावांच्या शेतांवर हे सेक्टर उभे राहिले, हे अकरा वर्षांत मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सेक्टर ४५मधल्या बुडैलला गेले. हे जुनं गाव शहराच्या पोटात आपल्या वाकड्या गल्ल्यांसह टिकून आहे. तिथे आकडा चालत नाही, विचारावं लागतं. दारात बसलेल्या एका वृद्धांना ‘बाबाजी’ म्हणून वाट विचारली. त्यांनी उलट विचारलं, कुठून आलीस?

“चौतीस.”

ते थोडं थांबून म्हणाले, “त्या बाजूला गहू असायचा.”

मी शेतांची नावं विचारली. त्यांनी एकेक करून सांगितली. मग काठी घेऊन उठले आणि मला चौकापर्यंत सोडायला आले.