सफेती, चौकट आणि जुनं कॅलेंडर

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत होतं. मालकांचा एक नियम होता, भिंतीला खिळा मारायचा नाही. लहानपणी मला तो निव्वळ खडूसपणा वाटायचा. पुढे कळलं, मालकांचंही काही चुकत नव्हतं. पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या भिंती वरच्या मजल्यावर बहुतेक कच्च्या विटांच्या आणि मातीच्या. खिळा ठोकला की तो तर धरायचा नाहीच, वर हातभर पोपडा खाली यायचा. मग तसबिरी लावायच्या कशा? भिंतीत वरच्या बाजूला आडवी लाकडी पट्टी असायची, तिला सुतळीनं तसबीर बांधायची, आणि ती वरून थोडी पुढे झुकवायची. कारण माणसं बसायची जमिनीवर, पाटावर किंवा सतरंजीवर. खाली बसून मान वर केली की देव बरोबर आपल्याकडे पाहतोय असं वाटायचं. आज आपण चित्र डोळ्यांच्या रेषेत लावतो, ती रेषा खुर्चीनं आणली.

थोड्या पैशात घर कसं सजवावं, हा विषय आजच्या पुरवण्यांमध्ये अगदी नवा असल्यासारखा येतो. पण पुण्यात बिऱ्हाडकरूंची संख्या कायमच मोठी, त्यामुळे हा प्रश्न इथे फार जुना आहे. त्याचा इतिहास मात्र लिहिला गेला तो पैसेवाल्यांच्या घरांचा. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ साली बांधून घेतलेला विश्रामबाग वाडा, त्याचे कोरीव सागवानी खांब, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं, हे सगळं आपण सहलीत पाहतो. सामान्य माणसाच्या घरात त्या काळी काय होतं? सारवलेली जमीन, दारात शिरगोळ्याची रांगोळी, भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात पणती. खुंटीवर पागोटं. बस्स.

आणि चुना. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, सफेती व्हायची. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की तो खदखदून उकळायचा, आम्हा मुलांना पिंपाच्या जवळही जाऊ देत नसत. रात्रभर मुरला की फडक्यातून गाळायचा, त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ. डिंकामुळे चुना अंगाला कमी लागतो, निळीमुळे पांढरा जास्त पांढरा दिसतो. अंबाडीचा कुंचला, दोन हात. खाली कमरेइतक्या उंचीवर गेरूचा पट्टा, कारण माणसं भिंतीला टेकून बसायची आणि डोक्याच्या तेलाचे डाग पांढऱ्यावर उठून दिसायचे. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी युक्ती मला अजून सापडलेली नाही. शिवाय चुन्यानं जंतू मरतात, हे आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता माहीत होतं.

याच चुन्याची एक कडवट आठवणही पुण्याला आहे. १८९७ साली प्लेग आला. रँडच्या प्लेग समितीनं सोल्जर घरात घुसवले, सामान रस्त्यावर काढलं, कित्येक घरांतल्या वस्तू जाळल्या, जमिनी उकरल्या आणि भिंतींना चुना फासला. सणाच्या आधी घरची माणसं जे काम हौसेनं करत, तेच काम बंदुकीच्या धाकात परक्या माणसांनी केलं. वैद्यकीयदृष्ट्या चुना तोच. पण देवघरात बुटानिशी शिरून दिलेल्या सफेतीचा संताप किती होता, ते २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दिसलं. चाफेकर बंधूंची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. त्या हकीकतीत घराच्या भिंतीही आहेत, हे आपण विसरतो.

आता चित्रांकडे येऊ. रेडिओवर बोलताना चित्र दाखवता येत नाही ही मोठीच अडचण, तेव्हा तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. मध्ये राम-सीता, बाजूला भाऊ, पायाशी हात जोडून मारुती. हे रामपंचायतन महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पोहोचलं त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली इथे चित्रशाळा काढली. 'केसरी' निघायच्या आधी तीन वर्षं. ज्या माणसाला आपण जळजळीत निबंधांसाठी ओळखतो, त्याला छापील रंगीत चित्रांचा कारखाना काढावासा वाटला, ही गोष्ट मला निबंधांइतकीच महत्त्वाची वाटते. लिहिता-वाचता येणारे किती? पण चित्र सगळ्यांना कळतं.

हा शिळाछाप होता. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेवर थांबतं आणि छपाईची शाई फक्त रेघेवर चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे जितके रंग तितक्या वेळा तोच कागद दाबाखालून जाणार, आणि जरा हलला की मारुतीचं शेपूट पिवळं नि त्याची कड भलतीकडेच. पण एकदा दगड तयार झाला की प्रती भराभर निघत. हातानं काढलेलं चित्र सरदारानंच घ्यावं, छापलेलं कारकुनालाही परवडे. चित्रशाळेनं देव छापले तसे मराठी इतिहासातले पुरुषही छापले. नाना फडणवीस असा कारकुनाच्या खोलीत आला. पेशवाई बुडून साठ-सत्तर वर्षं झालेली, वर इंग्रजांचं राज्य, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नानांची तसबीर. ती नुसती शोभा नव्हती. पाहुणा आला की त्याला यजमानाचं मत भिंतीवरच वाचता येत होतं, आणि त्याबद्दल कुणाला अटक होत नव्हती.

पुढे १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला आला, म्हणजे जवळजवळ पुण्याच्या अंगणात. त्याची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर गेल्या. बायका त्या चित्रांना जर, टिकल्या आणि रेशमी कापडाचे तुकडे चिकटवून नटवत. आज त्या सजवलेल्या प्रती संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. चित्राखाली नाव रविवर्म्याचं असतं, टिकल्या कुणी लावल्या ते कुठेच लिहिलेलं नसतं.

घर सजवण्याचं बहुतेक काम बायकांनीच केलं, पुन्हा तेही जुन्यातून. काचेच्या नळ्या-मण्यांचं तोरण, भरतकामाचा पोपट, जुन्या लुगड्यांची गोधडी, पत्र्याच्या ट्रंकेवर चादर घालून केलेली बैठक. किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू झालं, आणि अशी मासिकं वाचून घर नीट मांडण्याचा विचार मध्यमवर्गात रुजत गेला. पण माझ्या आजीनं कुठलंच मासिक वाचलं नव्हतं. तिचा कलासंग्रह म्हणजे कॅलेंडरं. दुकानदार दिवाळीला किंवा नव्या वर्षाला कॅलेंडर फुकट द्यायचा. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची चित्रं तेव्हा घरोघर असत. डिसेंबर संपला की आजी तारखांचा कागद अगदी रेघेवर कापायची आणि चित्र चौकटीत. चौकट नवी नाही, त्यातलं जुनं चित्र फिकं पडलं की त्याच्यावरच नवं. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकाची मुखपृष्ठंही आमच्याकडे अशीच लागली. पुढे १९७३ साली 'कालनिर्णय' आलं आणि भिंतीवर चित्रापेक्षा तारखेला मान आला. उपयोग शंभरपट वाढला, पण डिसेंबरनंतर कापून ठेवण्यासारखं काही उरलं नाही.

एक भिंत मी विसरू शकत नाही. शाळेतल्या एका मित्राच्या घरी, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत, गेलो होतो. एकच खोली, लख्ख सारवलेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बुद्धाच्या चौकटीभोवती सफेतीवर मोठा चौकोन उमटलेला, म्हणजे तिथे आधी मोठी तसबीर होती. बाबासाहेबांनी देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं. त्यानंतर किती घरांतल्या तसबिरी अशा उतरल्या असतील! मी पोरपणानं विचारलं, "इथं आधी काय होतं?" मित्राची आई म्हणाली, "होतं काहीतरी. आता आमचं आहे." घरसजावटीवर मी त्यानंतर बरंच वाचलं, पण हे उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मातीच्या भिंती पाण्यात विरघळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या दोन खोल्या, त्यांची सफेती, लाकडी पट्टी, सगळं दुसऱ्या दिवशी चिखलाचा ढीग होता. भांडी काही सापडली, तसबिरींपैकी एकच. काच फुटलेली, चौकट शाबूत. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या, आम्हीही पेठ सोडली. नव्या घरात कोनाडा नव्हता, खुंटी नव्हती, पण खिळा मारायला बंदीही नव्हती. आजोबांनी पहिल्याच आठवड्यात इतके खिळे मारले की भिंत चाळणीसारखी दिसू लागली, आणि अडकवायला काहीच नव्हतं. रिकाम्या खिळ्यांना आजीनं मण्यांच्या माळा बांधल्या.

त्याच काळात दिनकर केळकर नावाचे चष्म्यांचे व्यापारी पडत्या वाड्यांमधून दिवे, अडकित्ते, कोरीव दारं गोळा करत होते. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी उभारलेला संग्रह १९७५ साली सरकारला दिला. त्या संग्रहालयात गेलात तर राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा पणत्या आणि स्वयंपाकघरातली अवजारं जास्त वेळ पाहा.

पुरातून वाचलेली ती चौकट माझ्याकडे आहे. परवा तिचा मागचा पुठ्ठा सुटला म्हणून पेठेतल्या फ्रेमवाल्याकडे नेली. त्यानं चिमट्यानं बारीक चुका काढल्या आणि एकेक कागद टेबलावर ठेवला. वर गणपती, एका कापडदुकानाच्या कॅलेंडरातला. त्याखाली दलालांची एक तरुणी, चिखलाच्या डागासकट. त्याखाली लक्ष्मी, कडेला दोन टिकल्या अजून चिकटलेल्या. सगळ्यात खाली रंग उडालेलं रामपंचायतन. फ्रेमवाल्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काका, यातलं वर कुठलं ठेवू?"

मी अजून त्याला सांगितलेलं नाही. चौकट त्याच्याच दुकानात आहे.